दोघांपुरता बाक

कुठे रांग दिसली की तिच्या शेवटी जाऊन उभं राहायचं, ही सवय आम्हा बर्मिंगहॅमकरांना आईच्या दुधातूनच मिळते. रांग कशाची आहे हे विचारायचं नसतं. विचारणाऱ्याला मध्ये घुसायचंय असा पुढच्याचा समज होतो, आणि तो समज एकदा झाला की माणूस आयुष्यातून उठला. त्या शनिवारी मी घरातून निघालो तो बायकोचा हरवलेला बाक शोधायला, आणि जेवणवेळेपर्यंत कालव्याकाठच्या एका चकचकीत फ्लॅटचा होऊ घातलेला मालक होऊन बसलो. त्याचं सगळं श्रेय त्या रांगेला. मी नुसता उभा होतो.

बायकोचा बाक म्हणजे नॉर्माच्या नावाचा बाक. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या ओळखीच्या जागी एक लाकडी बाक ठेवतात आणि पाठीला पितळी पाटी ठोकतात. मग येणारे-जाणारे त्यावर बसून सँडविच खातात आणि मेलेल्याचं नाव वाचतात. नॉर्माचा बाक कालव्याच्या काठावर, जुन्या बटणांच्या कारखान्याच्या दारासमोर होता. लग्नाआधी ती त्या कारखान्यात होती आणि मी पाणीपट्टी खात्यात कारकून. ऑफिस सुटलं की मी त्या दारासमोर येऊन उभा राहायचो. नॉर्मा कधीच वेळेवर बाहेर आली नाही. सगळ्या बायका निघून जायच्या, भोंगा वाजून गार व्हायचा, आणि मग ही स्वारी कोणाशी तरी शेवटचं बोलत बोलत बाहेर यायची आणि वर मलाच म्हणायची, "उभा काय राहिलास खांबासारखा? बसायचं की!"

बसायला तिथे काही नव्हतं. बाक आला तो ती गेल्यावर. पाटीवर काय लिहायचं यावरून मुलीशी माझं वाजलं. तिला 'प्रेमळ पत्नी आणि आई' हवं होतं. मी लिहून घेतलं, 'नॉर्मा ट्रँटर. हिला नेहमी उशीर व्हायचा.' आयुष्यात एकदाच काय ती लवकर गेली, ती मला मागे ठेवून.

बाकाच्या डाव्या बाजूला मी बसायचो. उजवी बाजू तिची. कोणी "बसू का?" विचारलं तर मी हो म्हणायचो, कारण नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण मग असा काही खोकायचो की ते माणूस आपण होऊन पुढच्या बाकावर जायचं.

एक दिवस गेलो तर बाक नाही, काठ नाही आणि कालवाही नाही. भल्या उंच पत्र्यांनी सगळं झाकून टाकलं होतं. पत्र्यांवर तरुण माणसांची चित्रं. सगळी हसत होती, सगळ्यांच्या हातात कॉफी होती आणि एकाच्याही पायात मोजे नव्हते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ब्रिंडलकोट अर्बन'.

ब्रिंडलकोट हे नाव मला परकं नाही. मी राहतो ते घरच ब्रिंडलकोटने बांधलेलं. शहराबाहेर, पुढे बाग, मागे बाग, शेजाऱ्याशी एक भिंत सामाईक. तेव्हा त्यांच्या पाटीवर एक गुबगुबीत चिमणी असायची. या नव्या पाटीवरही तीच होती म्हणे, पण तिचे डोळे, पाय आणि पोट काढून टाकलं होतं. एक वाकडी रेघ तेवढी शिल्लक होती. तरी ओळख ती ओळख. घरच्या माणसाला करावा तसा मी कंपनीला फोन केला.

"ते आमच्याकडे नाही येत," तिकडची मुलगी म्हणाली. "आम्ही घरंवाले. कालव्यावरचं काम अर्बनचं."

"पण ब्रिंडलकोट तुम्हीच ना?"

"हो, पण अर्बन हा शहरातल्या जागांसाठीचा खास विभाग आहे. त्यांचं सगळं वेगळं असतं."

म्हणजे भाऊ सख्खे, पण चुली वेगळ्या. मी अर्बनला फोन लावला. अर्बन म्हणालं, काठ आमचा नाही, कालवेवाल्यांचा. कालवेवाले म्हणाले, काठ आमचा, पण बाक महापालिकेचा. महापालिका म्हणाली, बाक आमचा, पण हलवला बिल्डरने. ब्रिंडलकोटचा नंबर देऊ का? तो नंबर मला एव्हाना तोंडपाठ होता. हा चेंडू मी स्वतः पाणीपट्टी खात्यात उभी हयात टोलवला आहे, त्यामुळे खेळाचं कौतुकच वाटलं. पण चेंडू होऊन खेळ बघण्याची ही पहिली वेळ, आणि ती जागा काही चांगली नाही.

सामाईक भिंतीपलीकडे पार्डो राहतो. बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. त्याच्याकडे एक लांबलचक अरुंद होडी आहे आणि प्रत्येक गोष्टीवर सल्ला आहे. भिंतीतून त्याला माझे सगळे फोन ऐकू गेलेले.

"अरे क्लिफ, तू अगदीच हा आहेस," तो कुंपणावरून म्हणाला. "बिल्डरला फोन करून काही होतं होय? त्याच्या अंगावर वटवाघूळ सोडायचं!"

"वटवाघूळ?"

"मग! वटवाघूळ राहतं तिथली वीट हलवता येत नाही, कायदा आहे. माझ्या मेव्हण्याच्या गावात एका वटवाघळाने अख्खं सुपरमार्केट अडवून धरलं. आणि वटवाघूळ कशाला, त्याच्या लेंड्या दाखवल्या तरी पुरे."

दुसऱ्या दिवशी त्याने चर्चच्या मनोऱ्यातून गोळा केलेल्या लेंड्या एका काड्यापेटीत भरून आणल्या. मला असले उद्योग मान्य नाहीत. पण माणूस एवढा जिना चढून काही घेऊन आला तर नको कसं म्हणायचं? काड्यापेटी माझ्या कोटाच्या खिशात गेली आणि तिथेच राहिली.

मग तो शनिवार. प्रत्यक्ष जाऊनच विचारावं म्हणून मी अर्बनच्या विक्री ऑफिसवर गेलो, तर बाहेर ही लांब रांग. पुढच्याने घडीची खुर्ची आणलेली, त्याच्या पुढच्या बाईकडे थर्मास. मला गहिवरूनच आलं. म्हटलं, किती लोकांचे बाक गेलेत बघा, आणि तरी कसे शांत उभे आहेत! मीही उभा राहिलो. आत पोचलो तेव्हा एका बाईने माझं नाव विचारून कार्डावर लिहिलं, कार्ड गळ्यात घातलं, हातात फेसाळ वाइनचा ग्लास दिला आणि म्हणाली, "मी मार्शिया. एक बेडरूम की दोन, राजा?"

पन्नाशीची, घसघशीत बाई, कानात मोठ्या रिंगा. आमच्याकडच्या अशा बायका पंतप्रधानालाही राजा म्हणतील, तेव्हा त्यात काही नाही. मी तोंड उघडलं. 'बाक' हा शब्द जिभेवर होता. पण मागे सगळी रांग खोळंबली होती.

"दोन," मी म्हणालो.

तिने मला तिसऱ्या मजल्यावरचा सॅम्पल फ्लॅट दाखवायला नेलं. सगळं कसं देखणं होतं, पण काहीतरी चुकत होतं. सोफ्यावर बसलो तर गुडघे कानाला लागले. पलंगावर, मार्शियाच्या आग्रहास्तव, आडवा झालो तर पाय पोटऱ्यांपासून बाहेर. म्हटलं, म्हातारपणी माणूस आखडतो असं ऐकलं होतं, मी वाढतोय की काय! मग ध्यानात आलं. खोली मोठी दिसावी म्हणून फर्निचर सगळं लहान करून घेतलं होतं. त्याच कारणाने दारं तर काढूनच टाकली होती.

मग मार्शियाने गॅलरीची काच सरकवली, आणि समोर नॉर्माचा बाक.

धुतलेला, तेल-पाणी केलेला, अंगावर एक राखी उशी. पितळी पाटी जागच्या जागी. "हा इथल्या जुन्या काळाची आठवण म्हणून ठेवलाय," मार्शिया पाठ केलेलं म्हणाली. मी डाव्या बाजूला बसलो. खाली कारखान्याचं दार दिसत होतं. आता काचेचं केलेलं, पण तेच. माझे पाय जमिनीला टेकत होते, पाठ टेकत होती. त्या अख्ख्या घरात माणसाच्या मापाची ती एकच वस्तू होती. तिथे मला रडू आलं असतं, पण गळ्यात कार्ड घालून रडणं बरं दिसत नाही.

"आवडलेली दिसतेय जागा," मार्शिया म्हणाली. "मिसेसना नाही आणलं?"

"येईल," माझ्या तोंडून गेलं. "तिला जरा उशीर होतो."

इथे खरं सांगून टाकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण खरं सांगितलं असतं तर उठावंही लागलं असतं, आणि मला उठायचं नव्हतं.

मग दर शनिवारी मी घर बघायला जाऊ लागलो. गिऱ्हाइकाला शंका नसल्या की त्याच्यापुढे सहीचा कागद येतो, म्हणून मी दर वेळी एक नवी शंका घेऊन जायचो. ओव्हनमध्ये नाताळची टर्की मावेल का? मार्शियाने फूटपट्टी आणून ओव्हन मोजला. वरच्या मजल्यावरचे लोक नाचले तर? मार्शिया वर जाऊन नाचून आली. शंका संपली की मी गॅलरीत जाऊन विचार करत बसायचो. मार्शिया चहा आणून द्यायची आणि आत जाताना उशी उचलून उजव्या बाजूला ठेवायची. का ठेवते, हे माझ्या लक्षात आलं नाही. इतर गिऱ्हाइकं मलाच प्रश्न विचारू लागली आणि मी इतका तयार झालो होतो की दोन फ्लॅट तर निव्वळ माझ्या तोंडून विकले गेले.

एकदा रुमाल काढायला गेलो आणि खिशातली ती काड्यापेटी बाहेर येऊन पांढऱ्याशुभ्र पलंगावर उपडी झाली. समोर एक सुशिक्षित कुटुंब उभं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"शहाजिरं," मी म्हणालो. "केकसाठी."

तिच्या नवऱ्याला माझी दया आली असावी. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्याने चिमूटभर उचलून वास घेतला आणि म्हणाला, "वा! पण जरा जुनं दिसतंय." मी सगळं गोळा करून खिशात भरलं. पुढे पार्डोने कबूल केलं की त्या मनोऱ्यात वटवाघळं नाहीतच, नुसते उंदीर आहेत.

असं करता करता माझ्या शंका संपल्या. एका शनिवारी काहीच सुचेना. त्या दिवशी फ्लॅटमध्ये इमोजेन नावाची एक बाई आली होती. अर्बनची सजावट तीच ठरवते. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, आणि खोलीकडे बघायची ती खोली तिला काहीतरी देणं लागते अशा नजरेने. मार्शियाने नेहमीप्रमाणे विचारलं, "मग, आज काय शंका, राजा?" आणि माझ्या तोंडून निघालं, "गॅलरी जरा अरुंद वाटते."

इमोजेन गर्रकन वळली. "हेच! मी हेच म्हणत होते!" ती गॅलरीत गेली आणि बाकाकडे बघत राहिली. "हा सगळं बिघडवतोय. केवढा मोठा आहे!"

मी म्हणालो की मला अरुंद गॅलऱ्याच आवडतात. पण ती ऐकायला जागेवर नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गुरुवारी फोन वाजला. "राजा, मार्शिया बोलतेय. आत्ताच्या आत्ता या. इमोजेनने सुतार बोलावलाय. बाक कापून एकट्यापुरता करायचं चाललंय."

मी म्हणालो, "हे मला कशाला सांगताय? मी तर फक्त गिऱ्हाईक..."

"मिस्टर ट्रँटर," ती म्हणाली. राजाचा एकदम मिस्टर झाला होता. "ती पाटी रोज मी पुसते. आडनाव तुमच्या गळ्यातल्या कार्डावरही तेच आहे. दुसऱ्याच शनिवारी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुम्ही म्हणालात ती येईल. नाही म्हणणारी मी कोण?"

फोन ठेवतो तोवर पार्डो दारात हजर. भिंतीला कान असतात ही म्हण आमच्याकडे शब्दशः खरी आहे. "बाक तुझ्या गाडीत मावायचा नाही," तो म्हणाला. "होडी काढतो."

आता ही होडी कशी चालते ते सांगतो. माणूस रमतगमत चालतो त्याहून जरा हळू. काठावरून एक बाई बाबागाडी ढकलत आमच्या पुढे निघून गेली. मग माझ्याहूनही म्हातारा एक गृहस्थ काठी टेकत आला, मानेने नमस्कार करून तोही पुढे गेला. पाणी चढवून-उतरवून एका वेळी एकच होडी पलीकडे सोडणाऱ्या दरवाजापाशी समोरून दुसरी होडी आली. पार्डो म्हणाला, "आधी तुम्ही." ते म्हणाले, "छे छे, आधी तुम्ही." हे बराच वेळ चाललं. मी काठावर उडी मारून चालत गेलो असतो तर केव्हाच पोचलो असतो. पण एक माणूस आपल्यासाठी होडी काढतो, चहाचं आधण ठेवतो, बिस्किटांचा डबा पुढे करतो. त्याच्या होडीतून उतरून चालत कसं जायचं? आम्ही याला सभ्यता म्हणतो. दुसऱ्या देशांत काय म्हणतात ठाऊक नाही.

पोचलो तेव्हा सुतार भुसा झाडत होता.

काम मोठं सफाईचं होतं. बाकाचा उजवा भाग कापून तिकडचा हात जवळ आणला होता, पाटी काढून पुन्हा बरोबर मध्यावर ठोकली होती. बाकाची खुर्ची झाली होती. "छान जमलंय," मी सुताराला म्हणालो, आणि का कोण जाणे, "सॉरी" पण म्हणालो.

"बघा आता!" इमोजेन म्हणाली. "गॅलरी किती मोठी वाटते!"

"बाई, हा बाक माझ्या बायकोचा आहे," मी म्हणालो. "ती वारली. उजवी बाजू तिची होती. ती तुम्ही कापलीत."

मार्शिया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. इमोजेनने बहुधा पहिल्यांदाच पाटी नीट वाचली. तिचा चेहरा उतरला. "मला कोणी सांगितलंच नाही हो," ती म्हणाली. खरंच होतं ते. इतके शनिवार मी टर्कीवर बोलत होतो.

तिने लगेच नवा बाक द्यायचं कबूल केलं. पूर्ण मापाचा, गच्चीवरच्या बागेत, फक्त तिथे राहणाऱ्यांसाठी. मी "नको" म्हणालो. जन्मात पहिल्यांदा म्हणालो असेन. माझा मलाच आवाज ओळखू येईना. मग मी आणि पार्डोने ती खुर्ची उचलून होडीत घातली.

पत्रे निघाले, काठ मोकळा झाला, तेव्हा कालवेवाले, महापालिका आणि दोन्ही ब्रिंडलकोट यांना एक शब्दही न विचारता पार्डोने अंगात पिवळं जाकीट चढवलं, दोन नारिंगी शंकू मांडले आणि नॉर्माची खुर्ची त्या दारासमोर जमिनीत पक्की ठोकली. आमच्या देशात पिवळ्या जाकिटाला कोणी काही विचारत नाही. एक पोलीस तर त्याला वळसा घालून गेला.

शनिवारी मी गेलो आणि बसलो. दोन्ही कोपरं खुर्चीच्या दोन्ही हातांवर टेकली. मी सगळाच्या सगळा त्यात मावलो आणि माझ्याशिवाय तिथे कोणीच मावेना. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तिथे बसायला जातो. मी जात होतो तो शेजारच्या रिकाम्या जागेसाठी. ती जागा होती तोवर कोणीतरी यायचं बाकी होतं. मला नॉर्मा हवी होती. उशिरा आलेली, बोलत बोलत आलेली, कशीही.

मी उठलो. खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली आणि शेजारी उभा राहिलो, पूर्वी राहायचो तसा, दाराकडे तोंड करून. गुडघे कुरकुरले, पण जागा ओळखीची वाटली.

थोड्या वेळाने नव्या फ्लॅटमधला एक तरुण कॉफी घेऊन आला. पायात मोजे नव्हते. त्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता माझ्या मागे उभा राहिला. मग कुत्रं घेऊन एक बाई आली, ती त्याच्या मागे. कोणी कोणाला काही विचारलं नाही. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. शेवटी तो तरुणच घसा साफ करून म्हणाला, "माफ करा, तुमचाच नंबर आहे. बसा ना."

"माझा नाही," मी म्हणालो. "तिचा आहे. येईलच इतक्यात. तिला जरा उशीर होतो."

त्याने वाकून पाटी वाचली. मग सरळ झाला, कॉफीचा कप दुसऱ्या हातात घेतला आणि रांगेत उभा राहिला.